गव्हाण

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की पाचोडजवळच्या आमच्या खेड्यात एका गोठ्यातली गव्हाण दोन दिवस मोकळी होते. गव्हाण बाभळीच्या फळ्यांची, चार पायांची. तिची पुढची कड बैलांच्या गळ्यांनी घासून घासून इतकी गुळगुळीत झाली आहे की अंधारात हात फिरवला तरी कळावं, इथं जनावर रोज वाकतं. आत कोपऱ्यात पेंडीची खपली सुकलेली असते, कुठं सरकीचं टरफल चिकटलेलं असतं. आमची पोरं ती उचलून देवळात आणतात. चर्च हा शब्द आम्ही शाळेत शिकलो. घरात ते देऊळच.

गोठा ज्यांचा ते आबा काही आमच्या मंडळीतले नाहीत. पण चार पेंढ्या कडबा तेच बांधून ठेवतात. एकदा पोरांना जायला उशीर झाला तर ते स्वतःच देवळाच्या ओट्यापाशी येऊन उभे राहिले, "काय करायलात रे? गव्हाण न्यायची नाही का औंदा?" तेव्हापासून मला वाटत आलंय की नाताळची आमच्याकडची खरी सुरुवात आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी होत नाही, त्या ओट्यावर होते.

लूकच्या शुभवर्तमानात बाळाला गव्हाणीत निजवलं असं लिहिलंय. शहरात वाढलेल्या माझ्या मुलीला हा शब्द समजावून सांगावा लागला. आमच्या आजीला कुणी समजावला नव्हता. कापडात गुंडाळलेलं लेकरू कडब्यावर ठेवलं की त्याला काय टोचत असेल, हे ती प्रत्येक वर्षी मोठ्यानं म्हणायची आणि आपल्या लुगड्याचा जुना तुकडा कडब्यावर अंथरायची. बाहुली असली म्हणून काय झालं. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण सगळी उपासना तोंडपाठ होती. कुठं उभं राहायचं, कुठं गुडघे टेकायचे, पाळकसाहेबांच्या कोणत्या वाक्याला मंडळीनं काय उत्तर द्यायचं, यात तिची कधी चूक झाली नाही. आमच्या पंथाची ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ठरलेल्या प्रार्थना रटाळ असतात असं म्हणणारे भेटतात. ज्याला वाचता येत नाही त्याच्या हातात त्या प्रार्थना पुस्तकासारख्या असतात, हे त्यांना दिसत नाही.

हा पंथ इथं आला तो लंडनच्या चर्च मिशनरी सोसायटीकडून, नाशिकच्या वाटेनं औरंगाबादेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात औरंगाबादचं काम बघत होते रेव्हरंड रतनजी नवरोजी, जन्मानं पारशी. निजामाच्या मुलखात, मराठी बोलणाऱ्या गावकुसाबाहेरच्या माणसांमध्ये, एका पारशानं इंग्लंडच्या चर्चची प्रार्थना मराठीत म्हणावी, हे मला आजही मोठं नवल वाटतं. नगरकडे अमेरिकन मिशनचा जोर होता, त्यामुळे सोयरीक जुळवताना जुनी माणसं विचारायची, "पाव्हणे कोणत्या मिशनचे?" 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताचं चर्च झालं, नगरचे आणि आम्ही एकाच छपराखाली आलो. कागदावरचा भेद मिटला, सोयरिकीतला प्रश्न मिटायला आणखी एक पिढी गेली. गाण्यांत मात्र भेद आधीपासूनच नव्हता. नारायण वामन टिळक नगरच्या मिशनचे, पण त्यांची भजनं आमच्या बायका दळण दळताना म्हणत. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या त्या कवीनं मराठी ख्रिस्ती माणसाच्या हातात पेटीच्या जोडीला टाळ पक्का ठेवला, आणि तो अजून खाली ठेवलेला नाही.

फेरीला तोच टाळ निघतो. नाताळच्या आधीचे आठ-दहा दिवस, रात्रीची जेवणं उरकली की ढोलकी, टाळ, पेटी घेऊन घरोघर. पूर्वी पुढं गॅसबत्ती असायची, आता मोबाइलचा उजेड. डिसेंबरची थंडी आमच्याकडे अंगाला झोंबते. शिवारात ज्वारी पोटऱ्यात आलेली, तुरीच्या शेंगा भरलेल्या, कपाशीची शेवटची वेचणी चाललेली. धुळे-सोलापूर हमरस्त्यावरून ट्रकचे दिवे सरकत असतात, आणि पाचोडच्या बाजारात मोसंबीची आवक असली तर त्या बाजूनं येणाऱ्या टेम्पोचा वास आधी येतो, आवाज मागून. वस्तीवरच्या घरांत चहा होतो, मुरमुरे होतात. नाताळला करंज्या, शंकरपाळे, चकल्या सगळं दिवाळीसारखंच. जुन्या लोकांच्या तोंडी 'बडा दिन' हा हैदराबादी शब्द होता; 'नाताळ' हा पोर्तुगीज शब्द कोकणकिनाऱ्यावरून घाट चढून आला. दोन्ही शब्द आमच्या घरात एका ताटात जेवले.

पैठण आमच्या तालुक्याचं गाव. एकनाथांचं. त्यांनी 1599 मध्ये देह ठेवला तेव्हा थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री गोव्यात येऊन वीस वर्षं झाली होती, आणि 1616 मध्ये त्याचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं ते ओवीत, जवळजवळ 11 हजार ओव्या. तो कॅथलिक, आम्ही नाही. तरी ज्या ओवीत नाथांनी भागवत सांगितलं त्याच ओवीत कुणीतरी बेथलेहेमची गोष्ट सांगितली, हा विचार फेरीत चालताना माझ्या मनात असतोच. गोष्टीला आमच्याकडे यायला परकं अंग घ्यावं लागलं नाही. इटलीतल्या ग्रेच्चो गावी 1223 च्या नाताळात असिसीच्या फ्रान्सिसनं खरी गव्हाण, खरं गवत, खरा बैल आणि गाढव आणून गावकऱ्यांसमोर तो देखावा उभा केला, असं त्याचं चरित्र सांगतं. त्याला लोकांना ते डोळ्यांनी दाखवायचं होतं. आमच्या गावात दाखवण्याची गरज नाही. इथं प्रत्येकानं गव्हाणीत हात घातलेला आहे.

पण ज्यांनी घातलेला आहे त्यांतले निम्मे नाताळाला गावात नसतात. हे लिहिल्याशिवाय माझ्याच्यानं पुढं जाववत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुकादमाची आगाऊ उचल घेऊन कोयते ऊसतोडीला निघतात. आमच्या भाषेत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. देवळातल्या सतरंजीवर बायकांची बाजू अर्धी रिकामी दिसते, पोरांच्या रांगेत आजी-आजोबांजवळ ठेवलेली तेवढी दिसतात. पाळकसाहेब नाताळच्या उपासनेत "जे वाटेवर आहेत त्यांच्यासाठी" म्हणून थांबतात, आणि मग कुणी पश्चिम महाराष्ट्राचं नाव घेतं, कुणी कर्नाटकाचं. योसेफ आणि मरिया नावनिशीसाठी गाव सोडून गेले होते. आमची माणसं उचल फेडायला जातात.

माझ्या चुलतबहिणीची सून दिवस भरत आलेले असताना गेली होती. घरी ठेवली तर कोयता अर्धा होतो, अर्ध्या कोयत्याला उचल कोण देणार. बाळ झालं ते उसाच्या फडाजवळच्या कोपीत, पाचटाच्या बिछान्यावर. दवाखान्यात न्यायला गाडी मागितली तर ट्रॉली भरल्याशिवाय निघणार नाही, असं उत्तर मिळालं. सोबतच्या बायकांनीच सगळं केलं. तारीख होती 22 डिसेंबर. तिसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा देवळात आम्ही गव्हाणीत कडबा पसरत होतो. फोन स्पीकरवर होता. पलीकडून आधी वारा ऐकू आला, मग पाचटाची सळसळ, मग त्या लेकराचं रडणं, बारीक, भुकेलं. कुणी काही बोललं नाही. एक आजी उठली, बाहुलीखालचा लुगड्याचा तुकडा सारखा करून पुन्हा बसली.

एका पाळकाकडे इतकी गावं असतात की सगळीकडे सकाळची उपासना होणं शक्य नाही. एका वर्षी आमचा नाताळ दुपारी दोनला झाला. घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. त्यावर लोखंडी दांड्यानं तीनदा ठोका पडला की लोक येतात. चपला बाहेर, पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. प्रभुभोजन, मग प्रीतिभोजन. चुलवणावर मोठं पातेलं, भात, मटणाचा रस्सा, कारखान्याला गेलेल्यांच्या म्हाताऱ्यांना घरी डबे. जेवायला आबा येतात, त्यांचा नातू येतो, मशिदीकडचे दोन मित्र येतात. पोरांच्या हातात एकेक मोसंबी. ती सोलताना देवळाच्या पायरीवर जो वास पसरतो तो माझ्या मते नाताळचा वास आहे. केकचा वास मला पुष्कळ उशिरा भेटला.

कोपीत जन्मलेल्या त्या बाळाचा बाप्तिस्मा एप्रिलात झाला, कारखान्याचा पट्टा पडून हंगाम संपल्यावर. आईचे हात पाचटानं चिरलेले, ते पाण्यात बुडवताना तिनं ओठ आवळले. बाळ छान होतं, ठणठणीत. पाळकसाहेबांनी त्याला कडेवर घेऊन मंडळीला दाखवलं आणि सगळे उभे राहिले, जिथं उभं राहायचा नेम नाही तिथंही.

गव्हाण 25 च्या संध्याकाळीच परत द्यावी लागते. त्याला उशीर चालत नाही, बैल ताटकळतात. गेल्या वर्षी मीही पोरांबरोबर गेलो. बाहुली काढून घेतली, लुगड्याचा तुकडा घडी करून खिशात ठेवला. कडबा तसाच राहू दिला, आबा म्हणाले, "असू द्या, खातील की." गव्हाण जागेवर टेकवली तसा पांढऱ्या खोंडानं मान पुढं केली, एकदा मोठ्यानं हुंगलं, आणि कडब्यात तोंड घातलं.