गाफची रेघ

उर्दूतले काफ आणि गाफ म्हणजे सख्खी भावंडं. गाफच्या डोक्यावर एक रेघ जास्त, एवढाच फरक. निजामाच्या काळातले कारकून भरभर लिहिताना ती रेघ गाळायचे.

मी परभणीत जुने मोडी-उर्दू कागद वाचून लोकांच्या वंशावळी जुळवून देतो. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात. वरचं दफ्तर १८८४ पर्यंत फारसीत, पुढे उर्दूत. गावकीचे हिशोब मोडीत. त्यामुळे नातू बाळबोधात सापडतो, पणजा मोडीत नाही तर उर्दूत.

गेल्या उन्हाळ्यात सेलू तालुक्यातले बापलेक आले. १९५४-५५ च्या खासरा पत्रकात आजोबा स्वच्छ होते, मारोती गंगाराम. त्यामागचा गंगाराम कुठेच लागेना. आधी कुणी करून दिलेल्या यादीत शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातली एक नोंद होती, ‘मारोती वल्द कंकाराम’. असं नाव आपल्याकडे कुणी ठेवतं का? मी मूळ पान बघायला मागितलं. शाई तांबूस झालेली, कोपरा वाळवीनं खाल्लेला. नावात दोन काफ. चार ओळी खाली त्याच हातानं गंगाखेडचंही ‘कंकाखेड’ केलेलं! मग शंका उरली नाही.

तारीख १० अमरदाद, फसली १३४५. फसली साल आजूर महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरात सुरू होतं. डिसेंबरपर्यंतच्या तारखेत ५९० मिळवायचे, पुढच्या महिन्यांना ५९१. अमरदाद साधारण जूनमधला. म्हणजे १९३६ चा जून. पाटी काखेत धरून पहिल्यांदा शाळेत निघालेलं लेकरू माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मला फार बरं वाटलं.

मुलाचं बोट मात्र पुढच्या रकान्यावर होतं. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हापासून लोक आधी जात बघतात. त्यांचं काही चुकत नाही. पोरांची शिक्षणं तिथं अडलेली असतात. या ओळीत तो रकाना कोरा होता. वरच्या ओळीत ‘कुणबी’, खालच्याही ओळीत ‘कुणबी’.

“गुरुजी, वर-खाली हायेच की. मधी बी तेच असंल ना?”

असेलही. पण गाफची रेघ मी भरतो ती लिहिणाऱ्याच्या हाताची सवय त्याच पानावर दिसते म्हणून. कोऱ्या रकान्याला तसा साक्षीदार नाही. शेजारच्या ओळी शेजाऱ्यांच्या. हे सांगताना माझाही आवाज खाली गेला.

बाप इतका वेळ गप्प होता. “आमचा पणजा त्र्यंबकेश्वराला जाऊन आलता म्हणत्यात,” तो म्हणाला. “तिथल्या वहीत असंल का काही?”

असू शकतं. तिथल्या उपाध्यायांच्या नामावळ्यांत गाव आणि कूळ सांगून शोध घेता येतो. मी चिठ्ठीवर गाव, आडनाव, गंगाराम, मारोती असं लिहून दिलं. मग उतारा पुरा करायला घेतला. नावात दोन्ही गाफ घातले, आणि जातीपुढे लिहिलं, ‘कोरा’.