चंचलगुडा कोणत्या बाजूला?

आबा-आजीच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून हैदराबादच्या मामाने त्यांना भेट द्यायची ठरवली: फलकनुमा पॅलेसमध्ये एक रात्र. सोबतीला मी. आजीने लगेच ठेवणीतली पैठणी काढली. आबांनी मात्र नांदेडहून फोनवरच सांगून टाकलं, "निजामाच्या घरात मी झोपणार नाही."

कारण घरात सगळ्यांना माहीत आहे. आबांचे वडील स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात पकडले गेले आणि वर्षभर चंचलगुड्याच्या तुरुंगात होते. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं, त्यानंतर ते सुटले. आबा तेव्हा दोन वर्षांचे होते.

"अहो आबा, आता ते हॉटेल आहे. पैसे भरले की कुणालाही राहता येतं," मामा म्हणाला.

"आमच्या वडलांना फुकट ठेवलं होतं," आबा म्हणाले.

शेवटी पैठणीपुढे त्यांचं काही चाललं नाही.

फाटकापासून महालापर्यंत घोड्याच्या बग्गीतून नेतात. आजी राणीसारखी बसली होती, आबा एसटीत बसावं तसे. महाल दाखवणाऱ्या माणसाने माहिती दिली. पायगा घराण्याच्या विकार-उल-उमरांनी १८८४ मध्ये बांधकाम सुरू केलं, पुढे महाल सहाव्या निजामाकडे गेला. नंतर कित्येक वर्षं बंद होता. राजकुमारी एसरांच्या देखरेखीखाली दहाएक वर्षं दुरुस्ती चालली आणि २०१० मध्ये हॉटेल सुरू झालं. एकशे एक माणसं जेवतील असं टेबल पाहून आजी म्हणाली, "वाढणाऱ्यांचे पाय किती दुखत असतील!"

मला सगळंच आवडत होतं, हे कबूल करते. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं, पण उंच छताच्या त्या दालनांत शिरलं की जीव निवायचा. पडायला आलेली वास्तू कुणीतरी निगुतीने उभी केली, हे चांगलंच झालं. आबांचा राग तेव्हा मला थोडा जुनाट वाटला.

संध्याकाळी आम्ही गच्चीवर गेलो. फलकनुमा टेकडीवर आहे, त्यामुळे अख्खं शहर खाली पसरलेलं दिसतं. तो माणूस चारमिनार दाखवत होता. इतका वेळ गप्प असलेल्या आबांनी विचारलं, "चंचलगुडा कोणत्या बाजूला?"

तो जरा गोंधळला. हा प्रश्न त्याला बहुधा कुणी विचारला नसावा. मग त्याने चारमिनारच्या उजवीकडे हात केला. "वो उधर, साब. चार-पाच किलोमीटर होगा."

आबा बराच वेळ तिकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "वर्षभर या गावात होते, पण गाव बघितलंच नाही त्यांनी. भिंत बघितली."

मला काय बोलावं सुचेना. दिवसभर मी झुंबरं, जिने, आरसे यांचे फोटो काढत होते. झुंबर पुसून पुन्हा टांगता येतं. पणजोबांची गोष्ट तिथल्या कुठल्याच दालनात नव्हती. ती नांदेडहून आबांनाच सोबत आणावी लागली. ते आलेच नसते तर मी फक्त फोटो घेऊन परतले असते.

रात्री जादा पलंगावर मला लगेच झोप लागली. सकाळी पाहिलं तर मोठ्या पलंगावर आजीची बाजू चुरगळलेली होती, आबांच्या बाजूची चादर तशीच ताठ. ते खिडकीपाशी खुर्चीत बसले होते.

"झोपला नाहीत?"

"म्हणलं होतं ना," आबा म्हणाले आणि चहा मागवायला सांगितला.