सेट माझ्या हाती

आमच्या ह्यांना आणि ह्यांच्या मित्रमंडळींना जीपगाड्यांचं भारी वेड. जिथे डांबरी रस्ता संपतो तिथे ह्यांची सहल सुरू होते. पाच गाड्या, चिखल, ओढे आणि मोबाईलला रेंज नाही. म्हणून गाड्यागाड्यांत बोलायला वॉकीटॉकी घ्यायच्या ठरल्या आणि चहावर चहा पीत तीन रविवार नुसती चर्चा झाली. शेवटी मी म्हटलं, सेट मी निवडणार. अहो, चालवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले, बोलणार कोण? शेजारी बसलेली बायकोच ना!

खोक्यावर छापलेल्या किलोमीटरांना, मैत्रिणींनो, मुळीच भुलू नका. ते आकडे मोकळ्या माळावरचे, मधे काही आडवं नसतानाचे. आपल्या सह्याद्रीत डोंगराची एक सोंड मधे आली की आवाज बंद. त्यातून गाडीचा पत्रा लहरी अडवतो. सेट मांडीवर ठेवून बोलण्यापेक्षा खिडकीच्या काचेशी उभा धरून बोलावं, स्पष्ट ऐकू जातं. पहिल्या गाडीचं शेवटच्या गाडीला पोहोचत नसेल तर मधल्या गाडीतल्या बाईने निरोप पुढे द्यायचा. हे काम आपल्याला काही नवं नाही!

दुसरी गोष्ट कायद्याची. आपल्याकडे 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ एवढ्या पट्ट्यात अर्ध्या वॉटचे हातातले सेट परवान्याशिवाय वापरता येतात. अर्धा वॉट म्हणजे देवघरातल्या शून्याच्या एलईडी दिव्याएवढी ताकद. ती कमी वाटते म्हणून ह्यांच्या एका मित्राचा डोळा पाच वॉटच्या स्वस्त सेटवर होता. पण त्या जातीच्या सेटला हौशी रेडिओची परीक्षा देऊन परवाना काढावा लागतो. माझा भाचा अमेरिकेहून जोडी आणतो म्हणाला, त्यालाही मी नको म्हटलं. तिकडचे घरगुती सेट 462 ते 467 वर चालतात आणि तो पट्टा आपल्याकडे मोकळा नाही. ऑनलाइन असे सेट सर्रास विकले जायचे. 2025 च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्याबद्दल नियमावलीच काढली. तेव्हा फ्रिक्वेन्सी आणि सरकारी मान्यता दोन्ही लिहिलेली असतील तरच पैसे मोजावेत.

दुकानात मी काय पाहिलं सांगू? बोलायचं बटण. ते हातमोजा घातलेल्या किंवा ओल्या बोटाला न बघता सापडलं पाहिजे. दिवे, रंग, पडदा ह्यांना काही अर्थ नाही. गाडीतल्या चार्जरवर सेट चालतो ना, एवढं मात्र विचारून घेतलं. चॅनेलबरोबर आत आणखी एक छोटा नंबर असतो, तोही सगळ्या सेटवर सारखा लावावा लागतो. त्याने आपलं बोलणं गुप्त राहतं असं दुकानदार सांगतात, पण ते खरं नव्हे. त्याने फक्त दुसऱ्यांची बडबड आपल्याला ऐकू येत नाही. आपली त्यांना ऐकू जातेच. घरच्या कुरबुरी सेटवर नकोत!

आता सगळ्यात महत्त्वाचं. गेल्या पावसाळ्यात ताम्हिणीच्या पलीकडे एका ओढ्याला अचानक पाणी चढलं. पुढच्या गाडीतून निरोप आला, ‘‘गाडी पाण्यात घालू...’’ आणि खर्रर्र. बोलणाऱ्याने घाईत बटण लवकर सोडलं आणि ‘नका’ हवेतच राहिलं. मागच्या गाडीने गिअर टाकला, चाकं काठाला लागली. तिच्यात दोन लहान मुलं होती. मी काचेतून हात हलवत सेटवर ‘‘थांबा, थांबा, थांबा’’ ओरडत राहिले तेव्हा ती थांबली.

मराठीत ‘नका’ वाक्याच्या शेवटी येतं आणि ह्या यंत्रात शेपूटच आधी तुटतं. बटण दाबताक्षणी बोललं तर पहिला शब्दही जातो. म्हणून आता आमच्यात ‘नका’ला बंदी आहे. बटण दाबायचं, मनात एक म्हणायचं, मग ‘‘थांबा, थांबा, पाणी खोल आहे,’’ आणि पुन्हा एक म्हणून बटण सोडायचं. ऐकणाऱ्याने निरोप परत म्हणून दाखवल्याशिवाय गाडी हलत नाही.

गाड्या पाच असल्या तरी मी सेट सहा घ्यायला लावले. सहावा, उतरून काठीने पाणी बघायला जाणाऱ्याच्या गळ्यात.