दूर जाणारी दिंडी

रात्री गल्ली निजली की माझ्या जुन्या लॅपटॉपचा पंखा ऐकू येऊ लागतो. दिवसा तो रहदारीत आणि कुकरच्या शिट्यांत विरून जातो. रात्री मात्र ती घरघर, चढण चढून आलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या धापेसारखी, खोलीभर पसरते. गेला महिनाभर ही धाप वाढली होती, आणि नवल असे की मी त्याच्यावर कसलेच ओझे टाकले नव्हते. वडिलांनी १९८७ साली फलटणच्या घराच्या खिडकीत टेपरेकॉर्डर ठेवून भरून घेतलेली एक कॅसेट अलीकडे संगणकावर उतरवली होती, तेवढी ऐकत होतो.

त्या कॅसेटमध्ये तसे काहीच नाही. माउलींची पालखी गावात आली तेव्हा आमच्या रस्त्याने गेलेली एक दिंडी. आधी पावसाळी हवेची निःशब्दता, मग कान लावला तरच कळावा असा टाळांचा किणकिणाट, मग मृदंग, मग खिडकीच्या गजांना भिडलेला गजर, आणि हळूहळू ओसरत, वळणापलीकडे गेलेले सगळे. लॅपटॉपवर मात्र ही दिंडी येतही नव्हती आणि जातही नव्हती. पहिल्या क्षणापासून खिडकीतच उभी होती. मी दोष कॅसेटच्या वयाला दिला, थोडा माझ्या कानांना.

एका रात्री पंख्यासाठी म्हणून टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसरचा जवळजवळ चौथा हिस्सा 'विंडोज ऑडिओ डिव्हाइस ग्राफ आयसोलेशन' अशा लांबलचक नावाने अडवून ठेवला होता. २००७ साली आलेल्या व्हिस्टापासून ध्वनीवर संस्कार करणाऱ्या परक्या प्रोग्रामांना विंडोजने ही वेगळी जागा दिली आहे, परसातल्या चुलीसारखी. धूर झालाच तर माजघरात येऊ नये. तिथे आवाज सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढ्या तुकड्यांनी येतो. सेकंदाला ४८,००० नोंदी धरल्या तर एका तुकड्यात प्रत्येक बाजूच्या ४८० नोंदी, आणि पुढचा तुकडा येण्याआधी हातातला संपवायचा. एवढे काम संगणकाला जड नाही. पण ध्वनीचा ड्रायव्हर आपल्याबरोबर नाना 'एन्हान्समेंट्स' घेऊन येतो, कुणी खर्ज वाढवणारी, कुणी दिवाणखान्याला सभागृह करणारी, आणि त्यांतली एखादी ओबडधोबड लिहिलेली असली की चूल अखंड धुमसत राहते.

स्पीकरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन मी त्या साऱ्या बंद केल्या. एवढ्याने भागले नाही तर ड्रायव्हरची आधीची आवृत्ती परत आणता येते, किंवा विंडोजबरोबर येणारा साधा ड्रायव्हर वापरता येतो; माझ्यावर ती वेळ आली नाही. मिनिटभरात पंखा निवला. मग सहज कॅसेट लावली, आणि कितीतरी वर्षांनी दिंडी लांबून आली.

बंद केलेल्यांत 'लाउडनेस इक्वलायझेशन' होते. हळू आवाज उचलायचा, मोठा दाबायचा आणि सगळे एका पातळीवर आणायचे, हे त्याचे काम. हेतू प्रेमळच, कुणाला काही ऐकू यायचे राहू नये एवढाच. पण टाळ हळू वाजत होते ते दूर होते म्हणून. ते हळूपण पुसले गेले तेव्हा त्यांच्या आणि आमच्या खिडकीच्या मधला रस्ताच पुसला गेला.

ध्वनीचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांना एक जुनी अडचण ठाऊक असते. प्रतिध्वनी विरत शून्याजवळ जातो तेव्हा त्याचे आकडे इतके सूक्ष्म होतात की अनेक प्रोसेसरांना ते हाताळायला एरवीपेक्षा कितीतरी जास्त श्रम पडतात. म्हणून जाणते लोक त्या आकड्यांना सरळ शून्य मानतात, नाहीतर ऐकू न येणारी बारीक खरखर त्यांत मिसळून देतात. हे कळल्यापासून वडिलांचे शेवटचे महिने आठवत राहतात. त्यांचा आवाज बारीक होत चालला होता, आणि आम्ही सगळे त्यांना पुन्हापुन्हा म्हणत होतो, "बाबा, जरा मोठ्याने बोला ना." त्यांच्या उशाशी नुसते बसून तेवढेच ऐकायला हवे होते, असे आता वाटते.

तुमच्याकडेही कुणाचा जुना आवाज जपलेला असेल, तर एका रात्री साऱ्या सुधारणा बंद करून तो ऐका. लांबचे लांबूनच येऊ द्या, आणि जाणारे जाऊ द्या.