खुकरीचं पाणी

सुबाथूला पोस्टिंग असताना एका गोरखा उस्तादांनी मला त्यांची जुनी खुकरी दिली. धार बोथट होती. मला घाई. वर्कशॉपच्या ग्राइंडरवर धरली. ठिणग्या उडाल्या, मजा वाटली. थांबलो तेव्हा धारेवर निळा डाग पडला होता.

उस्ताद रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "भाई, इसका पानी उतर गया."

पोलाद तापून निळं पडलं की तिथं नरम होतं. मग धार टिकत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओला दगड पुढे ठेवला. पातं दगडाला जरा तिरकं, सगळीकडे कोन एकच. पलीकडच्या बाजूला बोटाला बारीक कड लागली, की बाजू बदलायची. शेवटी म्यानातली चकमक धारेवरून हलकेच फिरवायची. ती बोथट असते. नवी धार काढत नाही, वळलेली सरळ करते.

मित्रांनो, नव्याने शिकत असाल तर दगडच घ्या, आणि पहिला हात घरातल्या साध्या सुरीवर बसवा. दगडावर चूक हळू होते, सुधारता येते.

रिटायर झालो, पण खुकरीवर तो डाग अजून आहे. उस्ताद आता नाहीत.