हायवे नंबर चार

दोस्तहो, रस्त्याविषयी लिहितोय. रस्त्यावर उतरायच्या रस्त्याविषयी नव्हे, तो तुम्हांला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक. डांबराच्या रस्त्याविषयी. पुणे-बेंगलोर. सरकारदरबारी त्याचा नंबर आता 48 झालाय. आमच्या तोंडात अजून चार नंबरच. शिरवळ त्याच्यावर आहे. नीरा नदी ओलांडली की पुणे जिल्हा संपतो, सातारा सुरू होतो, आणि पहिलं मोठं गाव आमचं.

मी याच पट्ट्यात आधी क्लीनर, मग ड्रायव्हर. तीस वर्षांच्या वर गाडी मारली. आता गुडघे क्लच दाबू देत नाहीत, म्हणून पेन दाबतोय.

72 च्या दुष्काळात माझी आय खडी फोडायला जायची. मी आठ वर्षांचा. उन्हात बायांची रांग, पुढ्यात दगडाचा ढीग, डोळ्यात कपची उडू नये म्हणून मान वाकडी करून हातोडी मारायची. मुकादम ढीग मोजायचा. मोजताना त्याची काठी आमच्या बायांच्या ढिगाला आखूड व्हायची, हे मला तेव्हाही दिसायचं. घरी मिलोची भाकर, आम्हा पोरांना सुकडी. आय म्हणायची, "रस्ता झाला की यष्टी येईल." यष्टी आली. डांबर गावात शिरलं, पेठेतनं गेलं, देवळापर्यंत गेलं आणि महारवाड्याच्या अलीकडं थांबलं. तुमच्याही गावात तिथंच थांबलं असणार. पुढं चिखल.

आयनं फोडलेली खडी कुठल्या रस्त्याखाली गेली ते तिला कुणी सांगितलं नाही. पण पावसाळ्यात डांबर उखडलं आणि खड्ड्यातनं काळी खडी वर आली, की गाडी खड्ड्यात आपटताना माझ्या कंबरेआधी मला तिचे हात आठवायचे.

आधी हा रस्ता एकेरी होता. दोन्हीकडनं येणारी वाहनं एकाच डांबरावर. समोरनं ट्रक आला की डावं चाक साईडपट्टीवर उतरवायचं, आणि साईडपट्टी पावसानं खचलेली. ती चाक धरायची, सोडायचीच नाही. मग सुवर्ण चतुष्कोणात चौपदरी झाला. 2010 साली पुणे-सातारा सहापदरीचं काम निघालं, आणि ते काम म्हणजे आमच्या म्हातारीची वाकळ. एक ठिगळ लागेपर्यंत दुसरीकडं फाटलेलं. वर्षानुवर्षं अर्धे पूल, मधेच मातीचं वळण, रात्री न दिसणारी पिंपं. टोल मात्र एक दिवस चुकला नाही. खेड-शिवापूरला द्या, पुढं आनेवाडीला द्या. खड्ड्यांची सवलत नाही.

तरी खरं सांगू? मला या रस्त्यानं माणूस केलं. गावात मी अमक्याचा पोरगा, तमक्या वाड्यातला. स्टेअरिंगवर बसलो की मागनं येणाऱ्याला माझी टेललाईट दिसते, जात दिसत नाही. पाटलाच्या जीपनं मागनं हॉर्न मारला तरी घाटात मी साईड देईन तेव्हाच तो पुढं जाणार. पंचविशीत या गोष्टीची काय झिंग असते! पण धाब्यावर बाजेवर टेकलं की अर्ध्या तासात प्रश्न यायचाच, "गाव कुठलं? आडनाव काय म्हणालात?" एका मालकाकडं मी केबिनमध्ये बाबासाहेबांचा फोटो लावला होता. तो म्हणाला, "पार्टी माल देताना बघते, काढ तो." मी चावी काढून त्याच्या टेबलावर ठेवली आणि फोटो शर्टाच्या खिशात घालून चालत घरी आलो. दोन महिने काम नव्हतं.

गाडी कोण हाकतो, ही आपल्याकडं साधी गोष्ट कधीच नव्हती. 1901 साली लहान भीमराव भाऊ आणि भाच्यांबरोबर साताऱ्याहून वडलांना भेटायला गोरेगावला निघाला. आगगाडीनं मसूर स्टेशन. पुढं बैलगाडी. महाराची पोरं म्हणून कुणी गाडीवान तयार होईना. शेवटी एक तयार झाला तो या अटीवर, की भाडं दुप्पट घेईन, गाडी तुम्ही हाका, मी चालत येईन. रात्री टोलनाक्याशी मुक्काम पडला. तिथल्या टोलवाल्याकडं पाणी मागितलं. मिळालं नाही. पोरं उपाशी झोपली, कारण पाण्याशिवाय खाणार कसं? हा सगळा आपलाच सातारा जिल्हा. मी टोलच्या रांगेत गाडी उभी केली की मला तो नाका आठवायचा. माझे पैसे यंत्र घेतं, पावती फेकतं. ते तरी बरं, यंत्राला बाट होत नाही.

नंतर 1929. चाळीसगाव. आता ते बॅरिस्टर, सरकारी समितीचे सभासद. तरी टांगेवाला म्हणाला, टांगा देतो, हाकणार नाही. आपल्यातलाच एकजण लगाम धरून बसला. त्यानं कधी टांगा हाकलेला नव्हता. मोरीवर टांगा आपटला, बाबासाहेब खाली दगडावर फेकले गेले, पाय मोडला. मी ड्रायव्हर माणूस आहे, म्हणून मी त्या अडाणी टांगेवाल्यापाशी अडकतो. पाहुणा चालत जाऊ नये म्हणून त्यानं लगाम धरला. त्याला हाकायला कुणी शिकवलंच नव्हतं. शिकवणाऱ्याला बाट होत होता ना!

खंबाटकीचा घाट तुम्ही एसटीत झोपून पार करता. साताऱ्याकडं जाताना खंडाळ्यापासनं जुना घाट चढायचा, येताना वेळ्याच्या बाजूनं बोगद्यातनं उतरायचं. चढाला लोड गाडी पहिल्या गिअरला रडते, उन्हाळ्यात रेडिएटर उकळतो. त्याची भीती नाही, गाडी बंद पडेल, दगड लावू. भीती उताराची. बोगद्याच्या अंधारातनं उजेडात आलं की डोळे दिपतात, वेग आपोआप वाढलेला असतो, आणि पुढ्यात इंग्रजी एस अक्षरासारखं वळण. ब्रेक तापलेला, मागं माल ढकलतोय. नवशिका तिथं न्यूट्रलवर येतो डिझेल वाचवायला. कारण मालकानं डिझेल मोजून दिलेलं असतं. पेपरात मग छापून येतं, ड्रायव्हरची चूक.

10 एप्रिल 2018 ला पहाटे तिथंच टेम्पो उलटला. विजापूरकडची मजूर माणसं, बायापोरांसकट, शिरवळच्या एमआयडीसीत कामाला निघालेली. मालाच्या गाडीत माणसं भरलेली. 18 मेली. आमच्याच गावाकडं येत होती ती. त्यांच्यासाठी शिरवळ म्हणजे काय होतं? रोजगार. माझ्या आयला खडीचा ढीग होता तसं. नंतर तिथं तीन-तीन पदरांच्या जोडबोगद्याचं काम निघालं. माणसं टेम्पोत भरायचं काम त्यानं थांबतं का ते मला सांगा. युनियनवाले असाल तर आधी सांगा.

जमिनीचं थोडक्यात. 1958 च्या कायद्यानं महारवतन गेलं. आमच्या हाडकी-हाडोळ्याचा तुकडा नव्या शर्तीचा म्हणून उरला. परवानगीशिवाय विकता येत नाही. रुंदीकरणात मात्र तो परवानगीशिवाय जातो. अकरा गुंठे गेले. सातबारावर चाळीस नावं, त्यातली निम्मी मेलेली. एका कचेरीत फाईल, दुसरीत साहेब. चुलतभाऊ गेली सहा वर्षं हेलपाटे घालतोय. पूर्वी आमची माणसं सरकारी टपाल घेऊन याच वाटेनं पळायची, आता स्वतःचंच टपाल घेऊन पळतात.

आणि याच हायवेच्या कडेला, रोज हजारो गाड्या भुर्रकन जातात तिथनं थोडक्या अंतरावर, शिरवळची लेणी आहेत. बौद्ध लेणी. चैत्यगृह, भिक्खूंचे विहार. गाव त्याला पांडवदरा म्हणतं. दिसलं लेणं की घाल पांडवांच्या नावावर! भिक्खू तिथं का राहिले? कारण वाट तिथनं जात होती. शिरवळहून भोर, भोरवरनं वरंधा उतरला की महाड. हो, चवदार तळ्याचं महाड. मी तो घाट ट्रकनं कितीदा उतरलोय, पण 20 मार्चला रिकामी गाडी घेऊन उतरण्यातली मजा वेगळी. गाडीत माणसं भरायची नाहीत असं आत्ताच म्हणालो ना मी? बरं, टेम्पो नको, एसटी करू.

दुसऱ्या बाजूला नायगाव. सावित्रीबाईंचं. 3 जानेवारीला तुम्ही झेंडे लावलेल्या जीपा घेऊन तिथं येता, सेल्फ्या काढता आणि अंधार पडायच्या आत पुण्याला पळता. यंदा पळू नका. शिरवळला उतरा, मी स्टँडच्या चहाच्या गाड्यापाशी असेन. पुतणी बरोबर येईल. ती आता पिकअप चालवते, लोड गाडीचं लायसन काढायच्या मागं आहे. तिच्या गाडीनं लेण्यांच्या पायथ्यापर्यंत जाऊ, वर चालत. पाणी बरोबर घ्या, वर मिळेलच असं नाही.