पायरीशी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. ठीक. पण तुरुंगातल्या माणसाचं काय? तो शहाणा असो वा वेडा, पायरी त्याच्या वाट्याला येतच नाही. चढतो तो त्याचा कागद.

१९७९ मध्ये तिहारमधून सुनील बत्राने सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना पत्र लिहिलं. स्वतः फाशीची शिक्षा झालेला, आणि तक्रार दुसऱ्याच कैद्यासाठी: भेटीला येणाऱ्या नातेवाइकांकडून पैसे उकळता यावेत म्हणून वॉर्डर त्याचा छळ करत होता. न्यायालयाने ते पत्रच हेबिअस कॉर्पसची याचिका मानलं.

संविधानाच्या मराठी पाठात याला ‘देहोपस्थिती’ म्हणतात. शब्द जड आहे, पण नेमका. देह हजर करा. पुन्हा गंमत अशी की १९७३ मध्ये विशाखापट्टणमच्या तुरुंगातून कनू सन्याल यांनी याच मार्गाने दाद मागितली, तेव्हा सर्वोच्च न्यायालय म्हणालं, कैद्याला समोर आणलंच पाहिजे असं नाही. त्याच्याविना कोठडीची वैधता तपासता येते. कायद्याला धरून असेलही. मला मात्र तो रिकामा पिंजरा दिसत राहतो.

कोर्टाच्या पायरीची ती म्हण आजी उठताबसता म्हणायची. आणि पंढरपुरात महाद्वाराशी आली की नामदेवाच्या पायरीवरही पाय ठेवायची नाही, लुगडं सावरत पलीकडे टाकायची. एक पायरी भीतीने टाळायची, दुसरी भक्तीने. तिच्या लेखी त्यात फार फरक नसावा.

त्या पायरीसमोरच चोखोबांची समाधी. जिवंतपणी त्यांना दाराच्या आत जागा नव्हती. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळली, ते खाली गाडले गेले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू येईल ती चोखोबांची, अशा खुणेने नामदेवांनी ती वेचून इथे आणली म्हणतात. लहानपणी मी समाधीच्या दगडाला कान लावला होता. आजीने मागे ओढलं. का, ते सांगितलं नाही.

म्हणजे देह आणला, तोही दारापर्यंतच. ही उपस्थिती म्हणायची का?

कधी वाटतं, स्वतःचा देह स्वतः मागता येत नाही, दुसऱ्यानेच मागावा लागतो: बत्राने शेजाऱ्याचा, नामदेवांनी चोखोबांचा. पण सन्याल स्वतःच मागत होते. आणि चोखोबांनी तर जन्मभर दुसरं काय केलं?